खडूचं कडं

खपली थेट धाकट्याच्या ओठांवर पडली. तोंड उघडं टाकून काम करायची त्याची खोड जुनी. आई म्हणायची, एक दिवस माशी शिरेल. माशी नाही, पण तेवीस वर्षांपूर्वीच्या डांबरी कोटिंगचा नखाएवढा तुकडा शिरला. तो थुंकायला म्हणून त्यानं मान वळवली, तेव्हा डोक्यापासून वीतभर अंतरावर, मागच्या चाकाचा कमानपाटा ज्याला टांगतात तो हँगर जिथं चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडतात तिथं, त्याला तीन टाके दिसले. तीनच. सलग वेल्डिंग असायला हवं होतं तिथं शर्टाच्या गुंड्यांसारखे तीन ठिपके, त्यातले दोन मधोमध तुटलेले आणि तिसरा पिळवटून ताणलेला. टाका म्हणजे कच्चं काम. शिंपी आधी धावदोरा घालतो तसं लोखंड नुसतं जागेवर धरून ठेवायचं, सरळ बसलंय का बघायचं, आणि मग पुरती शिवण ओढायची. ती शिवण इथं ओढलेलीच नव्हती. टाके कुणाचे हे विचारायचीही सोय नव्हती, कारण प्रत्येक ठिपक्याला उजवीकडे बारीक शेपूट होतं, असं शेपूट डावखुऱ्याच्याच हातून निघतं, आणि या गॅरेजात डावखुरा एकच, तो स्वतः. हे सगळं डोळ्यांना कळलं. डोक्यात पोचायला जो काय क्षण लागतो, तेवढ्यात हातानं आपलं काम उरकलं होतं. थिनरमध्ये बुडवलेला बोळा घेऊन तो सांधा आणि त्याच्याभोवतीचा टीचभर पत्रा लख्ख पुसून टाकला होता. चाळीस वर्षं हात हेच करत आला होता: खपली निघाली की बोळा फिरवायचा, मग बघायचं. आणि मग त्याला कड्याची आठवण झाली.

तो तसाच उताणा पडून राहिला. गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवलेली, तिचं पोट त्याच्या तोंडावर, अर्धं काळं आणि अर्धं उघडं, राखी. पाठीखालच्या फळीची चाकं जराशी सरकली. बाहेर कुणीतरी फाटकाशी सायकल टेकवली आणि परत उचलून नेली. थिनरचा वास नाकात चढत होता. एरवी त्याला तो आवडायचा, भूक लागायची त्या वासानं. आत्ता त्यानं बोळा हात लांब करून बाजूला टाकला.

त्याला सगळे धाकटे म्हणत. वय अठ्ठावन्न, मिशा पांढऱ्या, गुडघे कुरकुरणारे, तरी धाकटेच. गॅरेज दोघा भावांचं होतं तेव्हा गिऱ्हाइकं थोरल्यांशी बोलत आणि धाकट्यांकडून काम करून घेत. थोरला गेला, हा मात्र धाकटाच राहिला. आधीचा एक पुसला तरी दोन म्हणजे दोनच. गाडी वडिलांची. फिक्या निळ्या रंगाची, गोल दिव्यांची, जिच्या मागच्या सीटवर दोघं भाऊ एका कांबळ्यासाठी भांडत वाढले ती. थोरल्याचा अपघात झाला तोही हिच्यातच, आणि त्यानंतर ती ओढून आणून वहिनींच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली टाकली ती टाकलीच. ना कुणी विकली, ना कुणी मोडीत काढली. आता पुतणी, जी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि आता दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे, तिच्या मनात आलं की बाबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची. फोनवर म्हणाली होती, काका, वरवरचं नको, पार पत्र्यापर्यंत जा. त्याला भरून आलं होतं. कुणीतरी थोरल्याचं नाव आपणहून घेतलं, हेच त्या घरात नवल होतं.

मग महिनाभर त्यानं गाडी सोलली. सीटा काढल्या, दारं काढली, बंपर, टाकी, धुराचा पाइप. प्रत्येक भागाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून ते भिंतीशी ओळीनं मांडले. सीटखाली एक केसांची पिन निघाली, एक वाळकं आवळ्याएवढं काहीतरी निघालं आणि अर्धी पेन्सिल. खाली शिरायची पाळी सर्वांत शेवटी. गाडीच्या पोटाला पाणी, चिखल, खडी यांपासून जपायला जो डांबरी थर देतात, तो वर्षांनी कडक होतो आणि मग छिन्नीनं टिचवला की खपल्या खपल्यांनी निघतो. कंटाळवाणं काम. पण त्याला ते बरं वाटे, कारण उताणं पडून छिन्नी मारताना माणसाला कुणाशी बोलावं लागत नाही. हँगर थोडा वाकडा झालेला त्याला ताडपत्री काढली त्याच दिवशी दिसला होता. तेव्हा तो म्हणाला होता, धडकेत सरकला असणार. लोखंड कितीही बोललं तरी आपण ऐकायचं ठरवलेलं तेवढंच ऐकतो.

कड्याचा नियम थोरल्याचा. दोघं विशी-पंचविशीत असताना धाकट्यानं एका गिऱ्हाइकाच्या चाकाचे नट नुसते हातानं फिरवून ठेवले, चहाला गेला, आणि गाडी फाटकाबाहेर गेली. चाक डुगडुगत गिऱ्हाईक कोपऱ्यावरून परत आलं म्हणून निभावलं. थोरला रागावला नाही. तो समोरच्या दुकानातून खडूची पेटी घेऊन आला आणि म्हणाला, आजपासून जिथं काम अपुरं तिथं खडूचं कडं. हातातलं अवजार खाली ठेवायच्या आधी कडं. आणि ज्यानं काढलं त्यानंच पुसायचं, काम पुरं झाल्यावर, दुसऱ्या कुणी नाही. वडील तेव्हा हिंडते-फिरते होते, ते म्हणाले शाळा आहे का ही. पण आठवड्यात तेही खिशात खडू घालून हिंडू लागले. थोरला पुढे पुढे फारच वाहवला. घरी अर्ध्या घासलेल्या पातेल्याला कडं, पोरीच्या अर्धवट गणिताला कडं. एकदा दुपारी तो जमिनीवर चटईवर झोपला होता तेव्हा वहिनींनी त्याच्याभोवतीच मोठं कडं काढलं आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं: हे काम अपुरं आहे, कुणी हात लावू नका. हसून हसून आईला ठसका लागला होता. धाकटा चिडवायचा की दादा, माझ्यावर विश्वास नाही का तुझा, आणि थोरला ठरलेलं उत्तर द्यायचा, तुझ्यावर नाही, खडूवर आहे.

खालचं कोटिंग थोरला दुसऱ्या कुणाला करू देत नसे. जे कुणी बघत नाही तेच नीट करायचं, हे त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य. तेव्हा कडं असतं तर त्यानं काळं फासलंच नसतं. ब्रश ठेवून हाक मारली असती, अरे, हे तुझं राहिलंय. हा हिशेब सरळ होता. कडं नव्हतं, म्हणून त्यानं फासलं. आणि तरी, पडल्या पडल्या, धाकट्याच्या मनात दुसरा एक सूर हळूच शिरला: की कडं असेलही. की घाईत, किंवा डोळ्याला चष्मा नसताना, किंवा पडशानं डोकं जड झालेलं असताना, थोरल्यानं पाहिलंच नसेल. माणूस चुकतो. थोरलाही माणूसच. आणि कडं असलं तर या डांबराखाली ते आजही असतं, हवा नाही, पाणी नाही, कुणाचा हात नाही. तेवीस वर्षं ते तिथं पांढरं शुभ्र बसून राहिलं असतं. फक्त एका बोळ्यानं पुसून जाईल इतकं कच्चं. आणि बोळा फिरवून झाला होता.

तो दिवस त्याला आठवत होता, हीच तर मोठी चेष्टा. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि त्यानं तो तारेनं बांधला होता. चहावर साय धरली होती. थोरला खोकत होता, त्याला पडसं झालं होतं, आणि खोकताना गाडीच्या पत्र्यावर हात आपटायची त्याची सवय, तो आवाज. हँगर जागेवर बसत नव्हता, पाचर मारून बसवला, टाके मारले, एक, दोन, तीन, डोळ्यांपुढची काळी काच वर केली, घाम पुसला. मग काय झालं? मग कुणीतरी हाक मारली. किंवा वीज गेली. किंवा काहीच झालं नाही, नुसतं जेवायची वेळ झाली. इथं येऊन आठवण थांबे, आणि पुढं थेट संध्याकाळ, थोरला काळ्या हातांनी खालून सरकत बाहेर येतोय आणि म्हणतोय, झालं बघ, उद्या चक्कर मारून येतो. मधला भाग कापून नेल्यासारखा. खिसा चाचपायचा तो क्षण त्यानं आता पुन्हा पुन्हा बोलावला: हात खिशात जातो, खडू सापडतो, हात वर जातो. दर खेपेला चित्र अधिक स्वच्छ दिसायला लागलं. पाचव्या खेपेला खडूचा आवाजही आला. मग त्याला कळलं की हे आपण आठवत नाही आहोत, रंगवतो आहोत.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरला घरून निघाला तेव्हा वहिनींशी भांडून निघाला होता. भांडण कशावरून, कुणाला ठाऊक नाही. नवरा-बायकोच्या भांडणाला कारण लागतंच असं नाही. उतारावरच्या वळणाला गाडीची मागची बाजू बाहेर फेकली गेली आणि ती मोरीच्या कठड्यावर बसली. धाकटा पोचला तेव्हा पोलीस वही घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, गाडीत काही बिघाड होता का? आणि धाकटा म्हणाला, गाडी कालच माझ्या हातून गेलीय, गाडी चोख होती. मग पोलिसाची पेन्सिल तशीच थांबलेली बघून, रिकामी जागा राहू नये म्हणून, तो पुढं म्हणाला, ते घेत असत कधीमधी. एवढंच. खोटं नव्हतं. थोरला घेत असे; पण आठ महिन्यांपूर्वी त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती, हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. घरच्याच माणसानं सांगितल्यावर पुढची तपासणी कोण मागतो? ते वाक्य एका तोंडातून दुसऱ्यात गेलं आणि संध्याकाळी जेव्हा वहिनींपर्यंत पोचलं तेव्हा त्याची गोष्ट झाली होती: पिऊन गेला. पोरीच्या डोक्यावर हात ठेवलेला, तरी पिऊन गेला. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी भिंतीवर फोटो लावला नाही, वर्षश्राद्धाला कुणाला बोलावलं नाही, आणि माहेरचे म्हणाले तरी कपाळावरची टिकली काढली नाही. म्हणाल्या, तो माझ्यासाठी जगला नाही, मी त्याच्यासाठी कशाला बदलू.

चारच्या सुमाराला वहिनीच आल्या. सीटच्या कापडाचे तुकडे पुतणीनं पाठवले होते, ते दाखवायला. साठी उलटलेली, सडसडीत, हातात छत्रीऐवजी काठी, पण काठी टेकायच्या नाहीत, नुसती बाळगायच्या. धाकटा फळीवरून बाहेर सरकला. त्यानं चहा आणला, त्यांनी दोन घोट घेतले, तुकडे बाकावर मांडले, हा मळेल, हा डोळ्यावर येतो, असं त्यांचं चाललं होतं, आणि धाकट्याला एकदम वाटलं की सांगितलं नाही तर आपण इथंच पडू. झाकली मूठ वगैरे सगळं त्याला ठाऊक होतं. पण मूठ झाकायला हातात जोर लागतो. त्यानं सांगितलं. टाके काय, शिवण काय, हँगर सुटला की वळणावर काय होतं, सगळं सरळ सांगितलं, एखाद्या गिऱ्हाइकाला समजावून द्यावं तसं. पोलिसाला आपण काय म्हणालो तेही.

वहिनी कापडाचा एक तुकडा बोटांत घोळवत ऐकत होत्या.

"म्हणजे ते प्यायले नव्हते," त्या म्हणाल्या.

"ते मला माहीत नाही, वहिनी. पण प्यायले असते-नसते तरी गाडी गेलीच असती."

"नव्हते प्यायले. दुपारी निघाले तेव्हा मी तोंडाचा वास घेतला होता. भांडण त्याच्यावरूनच झालं. म्हणाले, आठ महिने झाले तरी वास घेतेस?" त्यांनी तुकडा खाली ठेवला. "मग संध्याकाळी सगळे सांगायला लागले. मला वाटलं, बाहेर पडल्यावर घेतली असेल, माझ्या वास घेण्यामुळंच घेतली असेल. घरचं माणूस सांगतंय म्हटल्यावर काय करणार."

धाकटा खाली बघत होता. जमिनीवर डांबराच्या खपल्यांचा ढीग होता, सकाळपासूनचा.

"कडं होतं?" वहिनींनी विचारलं.

हा प्रश्न त्या विचारतील हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या घरात पातेल्यालासुद्धा कडं असायचं हे तो विसरला होता.

"पुसलं गेलं. म्हणजे असलं तर. मी बघायच्या आधीच बोळा फिरवला."

"तुम्हीच?"

"मीच."

त्या किंचित हसल्या. त्या हसण्यात त्याच्याविषयी राग नव्हता, आणि तेच त्याला सहन होईना. दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्यांचे कपडे मी त्याच आठवड्यात देऊन टाकले. घड्याळसुद्धा. पोरीला वाढवताना दर दुसऱ्या दिवशी म्हटलं, बापासारखी होऊ नकोस. त्या माणसाला माफ करायला मला वीस वर्षं लागली. आत्ता आत्ता कुठं जमलं होतं. आणि आता तुम्ही सांगताय की माफ करण्यासारखं काही नव्हतंच. मग मी हे घेऊन कुठं जाऊ?"

त्यानं माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांनी काठी जराशी उचलून त्याला थांबवलं. पोरीला सांगू नका, म्हणाल्या. तिला बाप जसा आहे तसा सवयीचा झालाय. मग उठल्या, गाडीजवळ गेल्या, वाकायला गेल्या, पण कंबरेनं साथ दिली नाही. तेव्हा नुसता तळहात त्या उघड्या पत्र्यावर ठेवून उभ्या राहिल्या. नीट जोडा आणि लावून टाका ते काळं परत, एवढं म्हणाल्या. कापड कुठलं ते सांगायचं राहूनच गेलं. जाताना फाटक त्यांनी हलक्या हातानं लावलं, आजारी माणूस झोपलेलं असताना लावतात तसं.

धाकटा पुन्हा खाली सरकला. सांधा तिथंच होता, लख्ख, त्याच्याच बोळ्यानं चकचकीत झालेला. त्यानं खिशातून खडू काढला आणि त्या तीन टाक्यांभोवती कडं काढलं. बैल गेला आणि झोपा केला, हे त्याचं त्यालाच कळत होतं; तरी काढलं, सावकाश, दोनदा गिरवून, कारण काम अपुरं होतं आणि नियम नियम होता. खडूची भुकटी डोळ्यात पडली. डोळा चोळता चोळता त्याला खपल्यांचा विचार सुचला. बोळ्यानं पत्रा पुसला होता, खपली नव्हे. कोटिंग खडूवर बसलं असेल तर खडू खपलीच्या आतल्या अंगाला चिकटून आला असणार, उलटा, पण आला असणार. तो इतक्या घाईनं बाहेर आला की कपाळ बंपरच्या खोबणीवर आपटलं. ढिगाशी तो मांडी घालून बसला आणि एकेक खपली उलटी करून बघू लागला. बाहेरचं अंग चिखलानं खडबडीत, आतलं गुळगुळीत, काळं. काळं. काळं. कुणी आत आलं असतं तर म्हाताऱ्याला तांदूळ निवडायला बसवलंय असं वाटलं असतं. त्यानं बघून झालेल्यांचा वेगळा ढीग केला. उन्हाचा पट्टा बाकावरून खाली उतरला, कापडाच्या तुकड्यांवरून जमिनीवर आला. दीडशे तरी झाल्या असतील. ओठांवर पडलेली ती पहिली खपली यातली कुठली, हेही आता सांगता येत नव्हतं.

आणि मग एक निघाली. रुपयाएवढी, आणि तिच्या आतल्या अंगाला एक पांढरी रेघ, जराशी वाकलेली, कड्याचा तुकडा असावा तशी. धाकट्यानं ती डोळ्यांजवळ धरली. त्याच्या छातीत काहीतरी इतक्या जोरानं मोकळं झालं की तोंडातून आवाज निघाला. कडं होतं. आपण काढलं होतं. दादानं बघितलं नाही, दादा चुकला, दादाच चुकला, आपला हात साफ आहे. त्याला आनंद झाला. सरळ, स्वच्छ आनंद, लहानपणी घरात काही फुटलं आणि आई थोरल्याला रागवायला लागली की व्हायचा तसाच. तो आनंद पुरता अंगात भिनल्यावर मग त्याला दिसलं की आपण काय करतो आहोत. थोरला मेला त्या दिवशी पोलिसासमोर उभं राहून त्यानं जे केलं होतं, तेच तो आत्ता करत होता, फक्त या खेपेला वही-पेन्सिलीची गरज नव्हती. तेवीस वर्षांत तो एवढाही पुढं सरकला नव्हता.

तरी खपली त्यानं टाकली नाही. उजेडात नेली, आणखी नीट बघितली. रेघ वाकलेली होती हे खरं. पण एका बाजूला ती रुंद होत गेली होती, आणि रुंद भागात बारीक बारीक रेषा होत्या, जवळजवळ, गोल गोल. त्यानं डावा हात वर केला. आत्ताच काढलेल्या कड्याची भुकटी अंगठ्यावर तशीच होती, पांढरी, घामानं थोडी ओली. बाहेर येताना धरलेल्या फळीच्या कडेवरही तोच अंगठा उमटला होता. त्यानं बघून झालेला ढीग पुन्हा पुढं ओढला आणि त्यातल्या चार-पाच उलट्या केल्या. दोनांवर पांढरं होतं. मघाशी नव्हतं, किंवा मघाशी असेल आणि त्यानं पाहिलं नसेल, किंवा आत्ता उलट्या करतानाच लागलं असेल.

मग त्यानं अंगठा पँटला पुसला, मोठी खपली गुडघ्याजवळ वेगळी ठेवली आणि ढिगातली पुढची उचलली.